संगीत नाटकाचे प्रेक्षक आणि त्यांची मतांतरे

प्रास्ताविक

मराठी माणूस संगीतवेडा आहे, हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरजच कुणाला वाटत नाही. मराठी रंगभूमीच्या इतिहासलेखनात या विधानाची दोन रूपे आढळतात. एका रूपात हा प्रेक्षक रसिकाग्रणी ठरतो. त्याच्यामुळे किर्लोस्कर, देवल, खाडिलकर घडले आणि बालगंधर्वांसारखा गायक नट पोसला गेला. दुसऱ्या रूपात तोच प्रेक्षक अपराधी ठरतो; त्याच्या गाण्याच्या हव्यासापायी नाटक मागे पडले, रंगमंचाची मैफल झाली आणि अखेरीस बोलपट येताच सारा डोलारा कोसळला. ही दोन्ही रूपे परस्परविरोधी भासली तरी त्यांच्या मुळाशी गृहीतक एकच आहे, ते म्हणजे संगीत नाटकाचा प्रेक्षक हा एकजिनसी समूह होता आणि त्याचे मत एक होते.

प्रस्तुत लेखात या गृहीतकाची काही निवडक नाटकांच्या आधारे चिकित्सा केली आहे. लोकप्रिय संगीत नाटकाविषयी प्रेक्षकांत मतभेद होते, एवढेच दाखविणे हा हेतू नाही. मतभेद कोणत्या कलाकृतीबाबत नसतात? ते मतभेद कशावरून होते, आणि त्यांतील कोणते मत इतिहासात नोंदले गेले व कोणते गळाले, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. या संदर्भात साधनांची एक मर्यादा प्रारंभीच लक्षात घेतली पाहिजे. नाटक कंपन्यांच्या काळाविषयी जे लेखन उपलब्ध आहे, ते मुख्यतः नटांच्या आत्मचरित्रांचे, वृत्तपत्रीय अभिप्रायांचे आणि सुशिक्षित रसिकांच्या आठवणींचे आहे. हे सारे लिहिणारे खुर्चीत बसणारे होते. पिटातल्या प्रेक्षकाने काही लिहून ठेवले नाही. त्याचे मत आपल्यापर्यंत येते ते केवळ टाळ्या, ‘वन्समोअर’ आणि गल्ला यांच्या द्वारे, आणि तेही दुसऱ्याच्या लेखणीतून. बहुधा तक्रारीच्या सुरात.

ओळखीच्या चालींचा काळ

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. पुढे १८८२ साली ‘सौभद्र’ आले. विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत गाण्याचा भार सूत्रधारावर होता. येथे पात्रे स्वतः गाऊ लागली. हा बदल मोठा खराच. परंतु प्रेक्षकाच्या दृष्टीने विचार करता त्याहून मोलाची गोष्ट चालींची होती. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ही वृत्ते, कीर्तनातले वळण, बायकांच्या गाण्यांतील व लावणीच्या चाली यांचा किर्लोस्करांनी मनमोकळा उपयोग केला. नाट्यगृहात बसलेल्या शास्त्रीबुवांना, कारकुनाला, व्यापाऱ्याला आणि घरच्या स्त्रियांना त्यांतले काही ना काही आधीच ठाऊक होते. कथा पुराणातली, चाल घरातली. एका नाटकात अनेक प्रकारचे प्रेक्षक एकत्र नांदू शकले ते या ओळखीमुळे. मतभेद मिटले होते असे नव्हे. त्यांना फारशी जागा नव्हती, इतकेच.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘वीरतनय’ (१८९६) नाटकाने ही सोय मोडली. पारशी रंगभूमीवरील उडत्या चालींचा त्यांनी स्वीकार केला. कुणाला ही चमक आवडली, कुणाला ती परकी व भडक वाटली. नाट्यसंगीताविषयी ‘आपले’ आणि ‘उसने’ ही विभागणी येथून सुरू होते. येथे एका विसंगतीची नोंद करणे अगत्याचे आहे. किर्लोस्करांच्या चालींतही कर्नाटकी वळणाच्या चाली होत्या आणि त्यांना संगीत नाटकाची प्रेरणा पारशी मंडळींच्या खेळावरून मिळाल्याचे परंपरेने सांगितले जाते. म्हणजे प्रेक्षकांचा आक्षेप उसनवारीला नव्हता. उसने घेतलेले अजून अंगवळणी पडले नव्हते, याला होता. पंधरावीस वर्षांत ते पडले. तेव्हा तक्रार करणाऱ्यांनी नवे लक्ष्य शोधले.

देवलांच्या ‘शारदा’ने (१८९९) वेगळाच पेच निर्माण केला. बाला-जरठ विवाहावर प्रहार करणाऱ्या या नाटकाला सुधारक आणि सनातनी दोघेही गर्दी करीत, कारण गाणी दोघांनाही हवी होती. नाटकाने मते बदलली की केवळ डोळे पाणावले, याचे उत्तर देणे कठीण आहे. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला या नाटकामुळे ‘शारदा कायदा’ म्हणतात असा समज आपल्याकडे बराच काळ प्रचलित आहे. वस्तुतः ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून आले. समज चुकीचा असला तरी तो का टिकला, हे पाहण्यासारखे आहे. एखाद्या संगीत नाटकाने कायदा घडवला असेल, हे प्रेक्षकांच्या वारसांना सहज पटण्याजोगे वाटले.

‘मानापमान’ : गद्याचे कैवारी आणि पदांचे चाहते

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे ‘कीचकवधा’चे (१९०७) लेखक. त्या गद्य नाटकावर सरकारने बंदी घातली होती. अशा लेखकाने १९११ साली किर्लोस्कर मंडळीसाठी ‘मानापमान’ हे संगीत नाटक लिहावे, याचा धक्का त्यांच्या चाहत्यांपैकी अनेकांना बसला. गद्य रंगभूमीचा प्रेक्षक आणि संगीत रंगभूमीचा प्रेक्षक हे त्या काळी पुष्कळ अंशी दोन पंथ होते. गणपतराव जोश्यांचा ‘हॅम्लेट’ पाहणारा वर्ग नाटकाकडे विचाराचे व अभिनयाचे स्थान म्हणून पाहत असे. त्याच्या लेखी ‘मानापमान’ ही माघार होती.

ही माघार होती काय? नाटकाची बांधणी पाहिली तर तसे म्हणवत नाही. निर्धन पण पराक्रमी धैर्यधर, धनवान पण भित्रा लक्ष्मीधर, आणि आधी धैर्यधराचा अव्हेर करून नंतर वनमालेच्या वेषात त्याला जिंकणारी भामिनी, असा हा खेळ आहे. कथानक सोपे आहे. त्याची उत्सुकता ‘पुढे काय’ यात नसून ‘कसे’ यात आहे. मान दुखावलेली दोन माणसे एकमेकांना कसकशी शरण जातात, हा त्याचा विषय. असा विषय थांबून थांबून सांगावा लागतो. गोविंदराव टेंब्यांनी हिंदुस्थानी संगीतातील ठुमरी वगैरे प्रकारांच्या वळणावर ज्या चाली दिल्या, त्या या थांबण्याला अनुकूल होत्या. रुसवा, लाडिक तक्रार, मनधरणी हे ठुमरीचेच प्रांत आहेत. पद दुसऱ्यांदा म्हटले गेले तर भामिनीचा रुसवा थोडा लांबतो. नाटकाचे काही बिघडत नाही. ‘वन्समोअर’मुळे नाटक मरते हा आक्षेप ‘मानापमाना’ला सरसकट लागू करणाऱ्यांनी हे पाहिलेले नाही.

तथापि, या चालींनी प्रेक्षकांत एक नवी फूट पाडली. दिंडी-साकी ऐकणाऱ्याला स्वतः गुणगुणता येत असे. टेंब्यांच्या चाली, आणि पुढे ‘स्वयंवरा’त (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवरून बांधलेल्या चाली, गळ्यावर मेहनत मागत होत्या. प्रेक्षकांत ‘कळणारे’ आणि ‘न कळणारे’ असे दोन वर्ग झाले. एक मात्र खरे की न कळणारेही ऐकता ऐकता शिकले. खेड्यापाड्यांत ज्यांना उस्तादांची मैफल स्वप्नातही मिळाली नसती, त्यांच्या कानांवर राग पडले ते नाटकाच्या पदांतून. शास्त्रीय संगीताच्या प्रसाराचे हे श्रेय संगीतज्ञ देतात. नाट्यसमीक्षक ते नाटकाच्या खात्यात जमा करीत नाहीत.

‘मानापमाना’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांच्या मुलीचे निधन झाले असतानाही त्यांनी भामिनी उभी केली, ही घटना सर्वश्रुत आहे. ती सांगताना नटाच्या निष्ठेचा गौरव होतो, तो योग्यच. पण ही कथा प्रेक्षकांविषयीही काही सांगते. प्रयोग रद्द करणे कंपनीला अशक्य वाटावे, इतका प्रेक्षकांचा धाक होता.

सिंधूची पदे

मतभेदांचे सर्वांत खोल उदाहरण राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चे आहे. जानेवारी १९१९ मध्ये गडकरी निवर्तले. फेब्रुवारीत गंधर्व मंडळीने बडोद्यास नाटक रंगभूमीवर आणले. यातील पदे गडकऱ्यांची नाहीत. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. सुधाकर गणपतराव बोडसांनी, सिंधू बालगंधर्वांनी केली. जरीच्या शालूंत मिरवणाऱ्या भामिनी-रुक्मिणीला पाहण्यास सोकावलेल्या प्रेक्षकांसमोर बालगंधर्व ठिगळे लावलेल्या लुगड्यात उभे राहिले.

या नाटकाला येणारे प्रेक्षक निदान तीन प्रकारचे होते. एक तळीरामाला आणि त्याच्या आर्यमदिरामंडळाला हसण्यासाठी येई. दुसरा सुधाकराच्या अधःपाताने हादरून जाई. बोडसांचा गद्य अभिनय हे त्याचे आकर्षण. तिसरा बालगंधर्वांना ऐकायला येई. हे तिघे शेजारी शेजारी बसत आणि एकमेकांचा अडथळा होत. दुसऱ्याला वाटे की हा तिसरा सिंधूच्या दुःखाचा जलसा करतो आहे. तिसऱ्याला वाटे की सिंधूचे दुःख गाण्यावाचून पुरे व्हायचेच नाही. पहिल्याविषयी तर स्वतः नाटकाचीच अडचण होती, कारण दारूचा निषेध करणाऱ्या नाटकात सर्वांत हवाहवासा माणूस दारुडा होता.

अभ्यासकांनी सामान्यतः दुसऱ्याची बाजू घेतली. गडकऱ्यांची संहिता म्हणजे खरे नाटक आणि गुर्जरांची पदे म्हणजे चिकटवलेला भाग, हा निर्णय वर्गात आजही सांगितला जातो. विद्यार्थी नाटक वाचताना पदे गाळूनच वाचतो. या भूमिकेत सत्याचा अंश आहे. विपन्नावस्थेतील स्त्री तान घेते, श्रोते दाद देतात, ती पुन्हा पहिल्या ओळीवर येते. या क्षणी सिंधू उरत नाही, बालगंधर्व उरतात. पण येथे दोन गोष्टींची गल्लत होते. दळणकांडण करून दिवस काढणाऱ्या, तान्ह्याला निजवणाऱ्या स्त्रीने गाणे यात अस्वाभाविक काही नाही. जात्यावर बसून ओवी म्हणणे ही मराठी स्त्रीची दुःख सांगण्याची सर्वांत जुनी रीत आहे. भाऊ, माहेर, नवरा यांविषयी जे बोलता येत नाही ते ती जात्याला सांगते. गडकऱ्यांची सिंधू बोलते तेव्हा तिची वाक्ये अलंकारांनी इतकी जड होतात की पुष्कळदा ती लेखकाची वाटतात. त्या मानाने साध्या बोलीतले पदच तिच्या तोंडी अधिक शोभते. वास्तवतेच्या कसोटीवर पदांना नापास करणाऱ्यांनी त्याच कसोटीवर गडकऱ्यांचे गद्य घासून पाहिले नाही, ही समीक्षेतील असमतोलाची बाब आहे.

दोष पदाचा नाही, पदाच्या विस्ताराचा आहे. आणि विस्तार लेखकाने वा संगीतकाराने केलेला नाही, तो नट आणि प्रेक्षक यांनी मिळून केला. ‘मानापमाना’त जो विस्तार खपतो तो येथे खपत नाही, कारण सुधाकराची घसरण थांबून पाहण्याची गोष्ट नव्हे. तिला वेग हवा. तेव्हा ‘एकच प्याला’च्या बाबतीत तक्रार करणाऱ्या प्रेक्षकाचा निवाडा बरोबर होता, त्याने दिलेले कारण मात्र चुकीचे होते.

पक्ष आणि पैज

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श एकत्र आल्या. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. प्रयोगाचे वर्णन आठवणींतून वाचताना एखाद्या कुस्तीचे वर्णन वाचत असल्याचा भास होतो. कोणाचे कोणते पद अधिक रंगले, टाळी कुणाला जास्त पडली, याच्याच नोंदी. केशवरावांचा धारदार, चढा आवाज आणि बालगंधर्वांची लडिवाळ, भावार्द्र गायकी यांवरून प्रेक्षकांत दोन तट होते, आणि अवघ्या तीन महिन्यांत केशवरावांचे अकाली निधन झाल्याने तो वाद कायमचाच अनिर्णित राहिला. राष्ट्रकार्यासाठी भरलेल्या थिएटरात प्रेक्षक राष्ट्राविषयी एकमत आणि गाण्याविषयी दुभंगलेले होते. नाटकाविषयी कुणी काही म्हटल्याचे फारसे आढळत नाही, हेही नमूद केले पाहिजे. गद्याच्या कैवाऱ्यांचा आक्षेप सर्वांत सार्थ ठरतो तो येथे.

प्रेक्षक कंटाळला काय?

१ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले. ब्यर्नसनच्या नॉर्वेजियन नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी केलेले हे रूपांतर. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या आणि केशवराव भोळ्यांच्या संगीतात मोजकी, आटोपशीर गीते होती. सुशिक्षित वर्गाने त्याचे स्वागत केले. पदांच्या अतिरेकाला कंटाळलेला प्रेक्षक येथे सापडला, असे इतिहासकार सांगतात. परंतु संस्था फार काळ टिकली नाही. याच सुमारास ‘अयोध्येचा राजा’पासून (१९३२) मराठी बोलपट गाण्यांनी भरून वाहत होते आणि त्यांना गर्दी होत होती. खुद्द बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये पडद्यावर आले. गाण्याला कंटाळून प्रेक्षक नाट्यगृह सोडून गेला, ही उपपत्ती म्हणूनच टिकत नाही. गाणे त्याला स्वस्तात, थोडक्यात आणि आपल्या गावी मिळू लागले. गंधर्व मंडळीचे उंची पोशाख, गालिचे, अत्तरे, थिरकवाँ व कादरबक्षांसारखे साथीदार आणि या सर्वांमागचे कर्ज यांच्याशी स्वस्त तिकिटाने स्पर्धा केली. अभिरुची बदलल्याचा पुरावा म्हणून जे दाखविले जाते, ते पुष्कळदा केवळ हिशेबाच्या वहीतले आकडे असतात.

समीक्षक आणि तिकीट काढणारा प्रेक्षक यांच्यातील ही तफावत मराठीपुरती नाही. लंडनमध्ये १९८५ साली ‘ले मिझराब्ल’ हे सांगीतिक आले तेव्हा वृत्तपत्रांतील अनेक परीक्षणे प्रतिकूल होती. तिकीट खिडकीवरची रांग मात्र हटली नाही, आणि ते नाटक पुढे कित्येक दशके चालले. मराठीत अशा तफावतीला ‘गल्लाभरू’ हा एक शब्द वापरून प्रश्न निकालात काढण्याची सोय आहे.

‘घाशीराम’ : त्याच गाण्यावर आनंद आणि संताप

स्वातंत्र्योत्तर काळात विद्याधर गोखल्यांची ‘पंडितराज जगन्नाथ’ (१९६०) व ‘मंदारमाला’ (१९६३), वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) यांनी संगीत नाटक पुन्हा उभे केले. जुन्या रसिकांपैकी काहींना त्यात गंधर्वयुगाची सावली दिसली, तर जितेंद्र अभिषेकींच्या चालींत तरुणांना नवेपणा जाणवला. हा वाद सौम्य होता. खरा स्फोट झाला तो ज्याला कुणी संगीत नाटक म्हटलेच नाही अशा नाटकाने.

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात सादर झाले. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्यदिग्दर्शन. कीर्तन, अभंग, लावणी, भजनाचा ठेका आणि माणसांचा हलता पडदा यांवर हे नाटक उभे आहे. गाणे काढून घेतले तर उरते ते फार थोडे. १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबविले. नंतर थिएटर अकॅडमी स्थापन करून कलावंतांनी ते पुन्हा सुरू केले. १९८० च्या युरोप दौऱ्यालाही तीव्र विरोध झाला.

या वादाची मांडणी सहसा अशी होते : विरोधक इतिहासाविषयी बोलत होते, समर्थक कलेविषयी. नाना फडणविसांचे चित्रण विपर्यस्त आहे, एका जातीची बदनामी आहे, असे एकीकडे. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, सत्ता आणि तिने पोसलेले हिंस्र हस्तक यांचे नाटक आहे, असे दुसरीकडे. दोन्ही बाजूंनी संगीत वगळून चर्चा केली. वास्तविक आनंद आणि संताप यांचा उगम एकाच ठिकाणी होता. हरिनामाच्या गजरातून ओळ सरकत सरकत लावणीच्या ठेक्यावर येते, भजन म्हणणारे तेच ब्राह्मण बावनखणीत जाणारे असतात. हे वाक्यांनी सांगितले असते तर तो आरोप झाला असता आणि त्याला उत्तर देता आले असते. लयीत सांगितल्यामुळे प्रेक्षक आधी डोलतो आणि मग आपण कशावर डोललो हे त्याच्या ध्यानात येते. ज्याला ते ध्यानात आल्यावर मौज वाटली तो समर्थक झाला. ज्याला फसवले गेल्यासारखे वाटले तो विरोधक झाला. या अर्थी विरोधकांनी नाटक अधिक नेमके ऐकले होते, असे म्हणावे लागेल. परदेशातील प्रेक्षकांसाठी भजन आणि लावणी यांतील अंतर अस्तित्वातच नव्हते. त्यांनी केलेले कौतुक खरे असले तरी ते निम्म्या नाटकाचे होते.

पडद्यावरून परत

‘कट्यार’वर आधारित चित्रपट नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. अभिषेकींची मूळ पदे राखून शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गीते जोडली. वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब ज्यांनी रंगमंचावर ऐकले होते त्यांना ही भर अनावश्यक वाटणे स्वाभाविक होते. ज्यांनी ऐकले नव्हते अशा फार मोठ्या वर्गाला संगीत नाटक म्हणून काही असते हे प्रथमच समजले. या दोघांचे भांडण तुलनेचे नव्हते. तुलनेसाठी दोन्ही पाहिलेली असावी लागतात. नाटकातील घराण्यांचा संघर्ष गाण्यातच उलगडतो, कारण खाँसाहेब वाईट माणूस नसून मोठा पण कोंडलेला कलावंत आहे, हे वसंतरावांच्या गळ्यातून पटत असे. चित्रपटाला तो संघर्ष डोळ्यांना दिसावा म्हणून कृती वाढवाव्या लागल्या आणि खाँसाहेब खलनायकाच्या जवळ सरकला. जुन्या रसिकांची तक्रार गाण्यांविषयी होती. तिने याकडे पाहायला हवे होते.

यानंतरही ‘संगीत’ ही उपाधी लावणारी नाटके आली. प्राजक्त देशमुखांच्या ‘संगीत देवबाभळी’त (२०१७) आवली आणि लखुबाईच्या रूपातील रखुमाई, अशा दोनच स्त्रिया आहेत; त्यात रागदारीची आतषबाजी नाही, अभंग आणि ओवीचे वळण आहे. किर्लोस्करांनी ज्या घरगुती चालींपासून आरंभ केला, त्यांच्या जवळ हे नाटक जाते.

या साऱ्या चर्चेत एक प्रेक्षक अनुल्लेखित राहतो. गोव्यात देवळांच्या जत्रांतून गावचे हौशी नट आजही संगीत नाटके करतात. समोर बसलेल्यांपैकी अनेकांना पदे पाठ असतात, आणि पेटीवाला गावातलाच असतो. तेथील प्रेक्षक ‘सौभद्रा’तील अर्जुनाची तुलना मुंबई-पुण्यातल्या ध्वनिमुद्रिकेशी करीत नाही, गेल्या वर्षीच्या, शेजारच्या वाड्यावरच्या अर्जुनाशी करतो, आणि त्यावर दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर वाद होतो. मराठी नाट्यसमीक्षेने या वादांची नोंद अद्याप घेतलेली नाही.